यात्रेआधीची बैठक

तालुक्याच्या ठिकाणी यात्रेचं नियोजन होत नाही, असं कुणी म्हणू नये. कागद भरपूर असतात. पोलीस ठाण्यात बंदोबस्ताचा आराखडा असतो, ग्रामीण रुग्णालयात पथकाच्या ड्युट्या लागलेल्या असतात, एसटी आगारात जादा गाड्यांचं वेळापत्रक तयार असतं. महावितरणला अखंड वीजपुरवठ्याचं पत्र गेलेलं असतं, ग्रामपंचायतीनं टँकर आणि टीसीएल पावडरची सोय केलेली असते. यात्रा कमिटीच्या वहीत तर वर्गणीपासून छबिन्यापर्यंत सगळं लिहिलेलं असतं. अडचण एवढीच की यातला एक कागद दुसऱ्यानं वाचलेला नसतो. रुग्णवाहिका जिथं उभी करायची असं डॉक्टरांनी ठरवलेलं असतं, तिथंच कमिटीनं पाळण्याला जागा दिलेली असते, आणि हे दोघांनाही यात्रेच्या सकाळी कळतं.

मेढा आणि आसपासच्या जावळीतल्या गावांच्या यात्रा कमिट्या, सरपंच, पोलीस पाटील, मुंबईकर मंडळं आणि स्पर्धा-मेळावे भरवणारी तरुण मंडळी यांच्यासाठी हा लेख आहे. सरकारी अधिकाऱ्यांनी वाचला तरी हरकत नाही.

आपल्याला उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. मांढरदेव शेजारच्या वाई तालुक्यात आहे. 25 जानेवारी 2005, मंगळवार, शाकंभरी पौर्णिमा. काळुबाईच्या दर्शनाला लाखोंची गर्दी होती. फोडलेल्या नारळांचं पाणी आणि तेल पायऱ्यांवर सांडून त्या निसरड्या झाल्या होत्या. वाट अरुंद, दोन्ही अंगांना दुकानं. पुढचे घसरले, मागचे त्यांच्यावर आले. मग दुकानांना आगी लागल्या आणि गॅसच्या टाक्या फुटल्या. 290 हून अधिक माणसं गेली. न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला गेला, आणि पुढं गडावर नारळ फोडणं, पशुबळी, वाद्यं वाजवणं यांवर बंधनं आली.

आता हीच हकीकत खातेवार वाचून बघा. पायऱ्या देवस्थानच्या, दुकानं ग्रामपंचायतीच्या हद्दीतली, गर्दी पोलिसांची, रस्ता बांधकाम खात्याचा, जखमी आरोग्य खात्याचे. शिवाय भाविक येतात ते वाईकडून आणि भोरकडून, म्हणजे दोन जिल्ह्यांतून. यातली एकेक गोष्ट वेगळी पाहिली तर ती वर्षानुवर्षं चालत आलेली, सवयीची वाटते. नारळ फोडणं काय, दुकान मांडणं काय, त्यात धोका कुणाला दिसणार? ओली पायरी, अरुंद वाट, भट्टी आणि रेटा हे चारही एका जागी आले की काय होईल, हे पाहण्याचं काम कुठल्याही एका खात्याकडं नसतं. त्यासाठी सगळ्यांना एका टेबलाशी बसवावं लागतं, आणि बसवायचं कुणी, तर ज्यांची यात्रा आहे त्यांनी. वरून पत्र येण्याची वाट पाहू नका.

कायद्यानं याला पाठबळ आहे. मांढरदेवची दुर्घटना जानेवारीतली, आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा आला त्याच वर्षी डिसेंबरात. त्यानुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. राष्ट्रीय प्राधिकरणानं 2010 मध्ये आयआरएस, म्हणजे इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टिमच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2014 मध्ये गर्दीच्या कार्यक्रमांसाठी वेगळी पुस्तिका. आयआरएसमध्ये तालुका पातळीवर घटनेची सूत्रं तहसीलदारांकडं येतात. म्हणून तुमचा अर्ज तहसीलदारांच्या नावे जायला हवा, आणि प्रती पोलीस, रुग्णालय, आगार, महावितरण, बांधकाम आणि जंगलातून वाट असेल तर वनविभागाला. अर्जात ‘सहकार्य मिळावे’ असं मोघम लिहू नका. बैठकीची तारीख मागा.

ही बैठक यात्रेच्या दीड-दोन महिने आधी घ्या. आठ दिवसांवर आलेल्या बैठकीत काहीच बदलता येत नाही. तोवर दुकानांच्या पावत्या फाटलेल्या असतात, पाळणेवाल्यानं आगाऊ रक्कम दिलेली असते, तमाशाची सुपारी गेलेली असते. मग बैठकीत चहा होतो, इतिवृत्त होतं आणि सगळे उठतात.

पहिल्या बैठकीत भाषणं नकोत, हिशोब हवा. तो असा. समजा, कमानीपासून देवळापर्यंत दोन मीटर रुंदीच्या पायऱ्या आहेत. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांसाठी जी ‘ग्रीन गाइड’ वापरतात, तिच्यात जिन्यावरून एका मीटर रुंदीत मिनिटाला फार तर 66 माणसं जातात असं धरलंय. म्हणजे दोन मीटरला 132. पण ती मोकळ्या हातांची, कोरड्या पायरीवरची माणसं. आपल्याकडं कडेवर मूल, हातात नैवेद्याचं ताट, सोबत म्हातारी आजी. निम्म्याहून थोडी कमीच धरा, म्हणजे मिनिटाला साठ. तासाला 3600. आता गाभाऱ्यापाशी घड्याळ लावून उभे राहा. ओटी भरायची, अंगारा घ्यायचा, माथा टेकायचा, यात मिनिटाला पंधरा माणसं पुढं सरकली तरी खूप. तासाला 900. पायऱ्या 3600 माणसं वर आणतात आणि गाभारा 900 सोडतो. उरलेली 2700 माणसं दर तासाला देवळापुढच्या पटांगणात साचतात. पटांगण वीस मीटर बाय पंधरा असेल, तर 300 चौरस मीटर. पार, दीपमाळ, दुकानं, पालखीची जागा वजा करा, दोनशे उरतात. चौरस मीटरला चार माणसं ही उभं राहण्याची वरची हद्द. म्हणजे आठशे माणसांत पटांगण भरलं. ते भरायला वीस मिनिटंही लागत नाहीत.

आकडे तुमच्या देवळाचे वेगळे निघतील, पण टेप घेऊन मोजाच. यातून जी गोष्ट लक्षात येते ती बंदोबस्ताच्या आराखड्यात सहसा नसते: देवळाच्या दारात उभा असलेला पोलीस गर्दी थांबवू शकत नाही. दार लावलं तर पुढचे दाराला चिकटतात, आणि मागच्यांना दार लागलंय हे कळतही नाही. गर्दी थांबते ती पायथ्याला, वाहनतळावर, आणि त्याच्याही आधी मेढ्याच्या स्टँडवर. तोटी एसटीच्या हातात असते, घागर देवळापाशी भरते. पटांगण भरत आलं की आगारात फोन जाऊन पुढच्या दोन गाड्या वीस मिनिटं उशिरा सुटायला हव्यात, आणि हे आगारप्रमुखांशी आधी बोललेलं असायला हवं. ऐनवेळी फोन करून गाडी थांबवा म्हटलं तर कुठलाही वाहतूक नियंत्रक थांबवणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. स्टँडवरच्या प्रवाशांच्या शिव्या त्याला खायच्या असतात.

लांबवरच माणसं रोखण्याची सवय आपल्याला नवी नाही. कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकांच्या संख्येला मर्यादा असते आणि आगाऊ नोंदणी करावी लागते. फुलांसाठी जे जमतं ते माणसांसाठी न जमायला काय झालं?

त्यानंतरचा प्रश्न टोकाचा आहे, म्हणून बैठकीत तो कुणी काढत नाही. ‘थांबा’ कोण म्हणणार? दर्शन थांबवायचं, छबिना अडवायचा, कुस्त्यांचा फड आटोपता घ्यायचा, हे सांगणारा माणूस कोण? कमिटीचे अध्यक्ष म्हणतात पोलिसांनी सांगावं. पोलीस म्हणतात देवाधर्माचं काम, भावना दुखावतील, कमिटीनं सांगावं. तहसीलदार जागेवर असतातच असं नाही. या ढकलाढकलीत जी दहा मिनिटं जातात, तीच महत्त्वाची असतात. दक्षिण कोरियातल्या सोल शहरात, इतेवॉनच्या गल्लीत 29 ऑक्टोबर 2022 च्या रात्री दीडशेवर तरुण मुलं चिरडून गेली. तिथं गर्दीचा धोका सांगणारा पहिला फोन पोलिसांना संध्याकाळी 6 वाजून 34 मिनिटांनी आला होता. दुर्घटना घडली ती सव्वादहाच्या सुमारास. मधल्या वेळात आणखी फोन येत राहिले. माहिती होती, यंत्रणा होती, पण ‘आता बंद’ म्हणणारं कुणी नव्हतं.

म्हणून कागदावर तीन नावं लिहा: कमिटीचा एक, पोलिसांचा एक, महसूलचा एक. तिघं दिवसभर एका जागी, पटांगण दिसेल अशा गच्चीवर किंवा शाळेच्या ओसरीवर बसतील. तिघांपैकी कुणाही एकानं ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं, पुन्हा सुरू करायला मात्र तिघांचं एकमत लागेल. आणि थांबवण्याच्या खुणाही आधी लिहा. माणसांना हात वर काढता येईनासा झाला, गर्दी पाण्यासारखी डावी-उजवीकडं हेलकावू लागली, बायका पोरांना डोक्यावर उचलून घेऊ लागल्या, की वाद न घालता पायथ्याला दोरी लावायची. देवाला उशीर झाला तर चालतो. मानकऱ्यांना हे आधीच समजावून सांगा, कारण मानाची वेळ टळली की वाद तिथंच पेटतो. मानकरी स्वतः त्या बैठकीत बसलेले असले तर यात्रेदिवशी निम्मं काम तेच करतात.

पुढचा मुद्दा रुग्णवाहिकेच्या रस्त्याचा. जावळीतली घरटी एक-दोन माणसं मुंबईत. माथाडी असोत की नोकरदार, यात्रेला गाडी घेऊन येणार आणि ती घरापुढंच लावणार. गावात शिरणारा रस्ता एकच, तो रात्री आठनंतर दोन्ही बाजूंनी भरतो. हे पोलिसांच्या शिट्टीनं सुटत नाही, मुंबईकर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुटतं. गाडी गावाबाहेरच्या कुठल्या शेतात लावायची, त्या शेताचं भाडं कमिटी देणार की मंडळ, हे महिनाभर आधी कळवा. आणि मग एक दिवस सगळ्या खात्यांच्या माणसांनी स्ट्रेचर घेऊन देवळापासून रुग्णवाहिकेच्या जागेपर्यंत चालून दाखवा. स्ट्रेचरवर एखादा जाडजूड कार्यकर्ता झोपवा. कुठल्या वळणावर स्ट्रेचर उभं करावं लागतं, कुठल्या दुकानाचं छप्पर डोक्याला लागतं, कुठं चिखल आहे, हे तेव्हा दिसतं. नकाशावर ते कधीच दिसत नाही. जे छप्पर आडवं आलं त्याला त्या वर्षी पावती नाही, इतकं साधं ठेवा.

सातारा हिल हाफ मॅरेथॉनसारख्या स्पर्धांना हाच प्रश्न उलट बाजूनं लागू होतो. धावपटूंसाठी यवतेश्वरचा घाटरस्ता बंद ठेवायचा, तर कास-बामणोलीकडची माणसंही त्याच रस्त्यावर अवलंबून असतात. धावणाऱ्याला पेटके आले तर त्याच्यासाठी पथक असतंच. तिकडच्या वाडीतल्या अडलेल्या बाळंतिणीची गाडी आली तर स्पर्धा कशी दुभंगायची, हेही त्याच आराखड्यात हवं.

जखमींबाबत एक गैरसमज घट्ट आहे. चेंगराचेंगरीत माणसं पायाखाली तुडवली जाऊन मरतात असं आपण धरून चालतो. पुष्कळदा ती उभ्या उभ्या गुदमरतात, छाती फुलायला जागा नसते म्हणून. अशा माणसाच्या हातात काही मिनिटंच असतात. रुग्णवाहिका पायथ्याला कितीही सज्ज उभी असली तरी ती मिनिटं वर, पटांगणातच संपतात. म्हणून वर पथक हवं, आणि गावातल्या वीस-पंचवीस मुलामुलींना छातीदाबाचं, म्हणजे सीपीआरचं शिक्षण हवं. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना विनंती केली तर एका दुपारचं काम आहे. जखमी न्यायचे कुठं, हेही आधी वाटून घ्या. सगळे जवळच्या रुग्णालयात नेऊन टाकले तर तिथले दोन डॉक्टर काय करतील? ज्याला टाके घालायचेत तो मेढ्याला, ज्याला श्वास लागलाय तो पंचवीसेक किलोमीटरवरच्या साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात. कोणाला कुठं पाठवायचं हे रुग्णवाहिकेचा चालक ठरवणार नाही, वर बसलेला डॉक्टर ठरवेल.

उन्हाळ्यातल्या कार्यक्रमांना ऊन हीच आपत्ती असते. 16 एप्रिल 2023 ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात चेंगराचेंगरी नव्हती, दंगल नव्हती, तरी उष्माघातानं 14 माणसं गेली. आपल्या यात्रा चैत्र-वैशाखातल्या. कुस्त्यांचा फड आणि सत्कार दुपारी एक ते चारमध्ये ठेवू नका. पाहुण्यांची वेळ मिळत नसेल तर पाहुणे बदला.

मग येतो निरोपांचा घोळ. यात्रेत एकाच जागेला पोलीस ‘पॉइंट चार’ म्हणतात, गावकरी ‘खालचा पार’, दुकानदार ‘जिलेबीचं दुकान’. बाहेरगावच्या पोलिसाला खालचा पार माहीत नसतो. कॅलिफोर्नियात 1970 मध्ये मोठे वणवे लागले तेव्हा वेगवेगळ्या खात्यांचे बंब एकमेकांची भाषाच समजू शकत नव्हते. प्रत्येकाचे वायरलेसचे संकेत वेगळे, हुद्द्यांची नावं वेगळी. त्या अनुभवातून जी पद्धत तिकडं उभी राहिली, तिच्याच धर्तीवर आपलं आयआरएस आहे. आपल्याला एवढं मोठं काही नको. कमानीपासून गाभाऱ्यापर्यंत खांबांवर हातभर मोठे आकडे रंगवा. ‘आठ नंबरच्या खांबापाशी बाई पडली’ हे कुणालाही कळतं, हरवलेलं पोर सापडणंही सोपं जातं.

डोंगरकपारीत मोबाइलला रेंज कुठं असते आणि कुठं नसते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. जिथं असते तिथंही हजारो फोन एकदम सुरू झाले की लागत नाही. पोलिसांचा वायरलेस असलेला माणूस त्या गच्चीवर तिघांच्या शेजारीच हवा. माइकचा ताबाही तिथंच. लाऊडस्पीकर भजनी मंडळाकडं किंवा ऑर्केस्ट्राकडं असेल तर त्यांचा आवाज एका खटक्यात तोडून घोषणा करता यायला हवी, तसं वायरमनला सांगून ठेवा. घोषणा आधी लिहून ठेवा. ‘पळा’, ‘चेंगराचेंगरी’, ‘आग’ हे शब्द त्यात नकोत. ‘देवळाकडं येणाऱ्यांनी कमानीपाशीच थांबावं, दर्शन वीस मिनिटांनी सुरू होईल’ एवढं पुरे. माणसाला कारण आणि वेळ कळली की तो थांबतो. काहीच कळलं नाही की रेटतो.

विजेबद्दल फार लिहीत नाही. दोन गोष्टी: दुकानदारांचे आकडे नकोत, आणि वीज गेली तर पायऱ्यांवरचे दिवे जनरेटरवर आपोआप लागले पाहिजेत. स्टेजचे नव्हे, पायऱ्यांचे. गॅसच्या टाक्या आणि कढया पायरीवाटेपासून दूर, एका ओळीत, मागं मोकळी जागा ठेवून. शोभेची दारू उडवायची जागा त्यांच्या दुसऱ्या टोकाला. बैलगाडा शर्यत असेल तर परवानगीच्या अटी नुसत्या फाइलला लावू नका, पशुवैद्यक जागेवर आणा.

बैठकीला बोलवायची राहून जाणारी माणसं म्हणजे डोंगरातले ट्रेकर. 28 जुलै 2018 ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून 30 जण गेले, तेव्हा दोर लावून दरीत उतरणाऱ्यांत महाबळेश्वर ट्रेकर्सची मुलं होती. अशी पथकं आपल्या जिल्ह्यात आहेत, फक्त ती आठवतात ती माणूस दरीत पडल्यावर. त्यांना आधीपासून टेबलाशी बसवा आणि त्यांच्या जेवणाची, पेट्रोलची, दोरांच्या खर्चाची तरतूद वर्गणीत धरा. फेटा बांधून नारळ दिला की हिशोब फिटत नाही.

सगळं ठरल्यावर एका पानात लिहा. वीस पानांचा आराखडा कुणी वाचत नाही. वर तिघांची नावं आणि फोन, मग खांबांचा कच्चा नकाशा, रुग्णवाहिकेची वाट लाल रेघेनं, थांबवण्याच्या खुणा, कुठला जखमी कुठं, आणि खाली 112, 108 व जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077. हे पान प्रत्येक होमगार्डच्या, प्रत्येक स्वयंसेवकाच्या आणि प्रत्येक एसटी चालकाच्या खिशात हवं. यात्रेच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी जागेवर जमून अर्धा तास एक खोटी अडचण सोडवून बघा: सात नंबरच्या खांबापाशी दहा माणसं पडलीत, चला. पहिल्यांदा गोंधळ उडेल, लोक हसतील. उडू द्या, हसू द्या.

आणि यात्रा पार पडली की आठ दिवसांत पुन्हा बसा. तेव्हा सगळे दमलेले असतात, हिशोबाची भांडणं सुरू झालेली असतात, म्हणून ही बैठक नेहमी राहते. मला विचाराल तर हीच बैठक जास्त मोलाची. कुठं गर्दी अडली, कुठला फोन लागला नाही, कुठं थोडक्यात निभावलं, हे ताजं असतं. थोडक्यात निभावलेल्या गोष्टी लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी बदललेल्या अधिकाऱ्यांच्या हातात तो कागद द्या. अधिकारी तीन वर्षांत बदलतो, गाव बदलत नाही.

तुमच्या गावची यात्रा चैत्रात असेल तर माघ संपायच्या आत तहसील कचेरीत अर्ज द्या, आणि पोचपावती घेतल्याशिवाय खाली उतरू नका.